कंट्रोल राहावं म्हणणारा एकटा माणूस

सत्तेचाळीस सालच्या दिवाळीनंतर साताऱ्यात दोनच मतं उरली होती. एक मत असं की धान्याचं कंट्रोल, म्हणजे कार्डावर मोजून मिळणारं रेशन, आजच्या आज उठलं पाहिजे. हे सगळ्या गावाचं मत होतं. दुसरं मत असं की कंट्रोल अजून निदान चार-पाच वर्षं तरी राहिलं पाहिजे. हे मत अनंताचं होतं.

अनंता मुन्सफ कोर्टात नक्कलनवीस होता. म्हणजे कुणी निकालाची नक्कल मागितली की ती सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायची, आणि निकाल कसाही असला तरी आपण त्यात काही सुधारायचं नाही. वय एकतीस. दोन धाकट्या बहिणींची लग्नं करता करता त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं, पंगतीत वाढणाऱ्याचं जेवण राहतं तसं. घरी गोदावरीमावशी होती, ती रांधायची. दोन माणसांचं कार्ड होतं आणि कार्डावर वार मंगळवार होता.

चिमणपुऱ्यातलं कंट्रोलचं दुकान गोपाळकृष्णशेठचं. दुकान सकाळी आठला उघडायचं, पण रांग आदल्या दिवशीच लागायची. माणसांची नव्हे, दगडांची. सोमवारी दिवेलागणीला ज्यानं त्यानं आपला दगड आणून दुकानासमोर मांडायचा, घरी जाऊन जेवायचं, झोपायचं, आणि सकाळी येऊन आपल्या दगडाशेजारी उभं राहायचं. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. हा कायदा कुठल्याही सरकारनं केलेला नव्हता, म्हणून तो सगळे पाळत होते. त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या धामधुमीत या जिल्ह्यात एकाच वेळी दोन सरकारं होती, एक गोऱ्यांचं कचेरीतलं आणि एक आपलं रानातलं. पण दगड दोन्हीकडच्या लोकांनी सारख्याच शिस्तीत मांडले.

पुढं पुढं तर नंबरांचं वतन झालं. तिसऱ्या नंबरचा म्हातारा सोनार वारला तेव्हा नंबर थोरल्या मुलाकडे गेला आणि धाकट्यानं भावाशी बोलणं टाकलं. शनिवार पेठेतल्या एका लग्नात मुलीकडच्यांनी पाचवा नंबर देऊ केला होता. मुलाकडच्यांनी घासलेटच्या रांगेतलाही मागितला आणि बोलणी फिसकटली.

अनंताचा नंबर सातवा. सहावा लालासाहेब हवालदारांचा. ते मूळचे कुंडलचे, इटलीतल्या लढाईवरून जिवंत परत आलेले आणि आता साताऱ्यात खजिन्यावर पहाऱ्याला असलेले. त्यांची पाठ साधारण टेबलाएवढी होती आणि अनंता ती टेबल म्हणूनच वापरायचा. कोर्टात प्रत्येक कारकुनाला आठवड्यातून एक दिवस 'कंट्रोलची सवलत' होती, दोन तास उशिरा यायचं. प्रत्येकाचा वार वेगळा, त्यामुळे चार वर्षांत सबंध कोर्ट सकाळी एका वेळी जमल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. हेडकारकून म्हणायचे, "सवलत घ्या, पण काम अडता कामा नये." म्हणून अनंता नकलेचे कागद रांगेत घेऊन यायचा आणि लालासाहेबांच्या पाठीवर ठेवून लिहायचा. लालासाहेब दौत धरायचे. स्वल्पविराम आला की त्यांना गुदगुल्या व्हायच्या, पण शिस्तीचा माणूस, हलायचे नाहीत.

नवव्या नंबरला तानुबाई. ती भाजी विकायची आणि सकाळच्या गारठ्यातही तिचा आवाज विकायला बसल्यासारखाच लागायचा. "आवं, सरकार आपलं झालं म्हंत्यात," ती दर मंगळवारी म्हणायची, "मग जुंधळा आपला कवा व्हायचा?" एकदा हे वाक्य अनंताच्या हातून चुकून एका हुकूमनाम्याच्या नकलेत गेलं. वादीच्या वकिलानं वाचलं, प्रतिवादीच्या वकिलानं वाचलं, शिक्का बसला, आणि आजतागायत कुणाची तक्रार आलेली नाही.

आणि सातव्या-नवव्याच्या मधे, आठव्या नंबरला विनोदिनीबाई.

मुलींच्या शाळेत त्या चौथीला शिकवायच्या. वय सत्तावीस. पत्रिकेत कडक मंगळ होता, त्यामुळे स्थळं यायची ती दारापर्यंत येऊन पाणी पिऊन जायची. साताऱ्यात आईबरोबर राहायच्या; थोरला भाऊ रहिमतपूरला शेती बघायचा. गेल्या वर्षीच्या कार्तिकात आठव्या नंबरची माणसं पुण्याला गेली आणि त्या जागी अर्धा फुटका वरवंटा घेऊन या उभ्या राहिल्या. त्याला आता तेरा महिने झाले होते.

रांगेची एक अडचण असते. सातव्याचं तोंड सहाव्याच्या पाठीकडे आणि आठव्याचं सातव्याच्या. मागं वळून बाईमाणसाशी बोलणं बरं दिसत नाही. त्यामुळे तेरा महिन्यांत अनंतानं त्यांचा चेहरा सगळा मिळून पंधरा मिनिटं पाहिला असेल. पण आवाज त्याच्या उजव्या खांद्याला ओळखीचा झाला होता. त्या बोलणार असल्या की खांद्याला आधी कळायचं. तो लालासाहेबांच्या मानेकडे बघत बोलायचा, त्या त्याच्या मानेकडे बघत उत्तर द्यायच्या, आणि विषय एकच, देशाची अर्थव्यवस्था. दुसरा विषय काढायला कारण नव्हतं.

कंट्रोल उठलं की रांग उठणार. रांग उठली की आठवा नंबर कुठं भेटणार? अनंताचं सगळं अर्थशास्त्र एवढंच होतं. त्यांच्या घरी जावं म्हटलं तर कशाच्या ओळखीवर जाणार? दार उघडणाऱ्या आईला काय सांगणार, मी सातवा?

म्हणून तो मुद्दे काढायचा. "कंट्रोल एकदम उठवलं तर व्यापारी माल दाबून ठेवतील," तो लालासाहेबांच्या मानेला सांगायचा.

"आत्ता काय हातावर ठेवताहेत?" खांद्यामागून आवाज यायचा. "बाहेर येऊ द्या की. एखादी गोष्ट किती दिवस दाबून ठेवायची यालाही काही मर्यादा असते."

"हळूहळू करायला हवं. नाहीतर लोक गोंधळतील."

"लोक नाही गोंधळणार. एखाददुसरा गोंधळेल."

"आमी इटलीत बघिटलंय," लालासाहेब पुढं तोंड ठेवूनच म्हणायचे. "लढाई संपली की पयला कंट्रोल जातो. मग जनरल जातो. शेवटाला शिपाई जातो, तेबी रेल्वेचं तिकीट मिळालं तर."

विनोदिनीबाई कंट्रोल उठवण्याच्या इतक्या कट्टर बाजूच्या होत्या की अनंताला घरी जाताना वाईट वाटायचं. एवढी हुशार बाई, आणि देशाचं हित कळू नये.

गावात त्याच्या मताबद्दल तर्क सुरू झाले. कुणी म्हणे तो कम्युनिस्ट झाला. कुणी म्हणे पुरवठा खात्यात त्याचा मेव्हणा आहे. हेडकारकुनांचा अंदाज असा की त्याला ऑफिसला उशिरा यायला आवडतं, आणि खऱ्याच्या सगळ्यांत जवळ तेच पोचले होते. शेवटी अनंतानं कलेक्टरसाहेबांच्या नावे अर्ज लिहिला, 'धान्य-नियंत्रण चालू ठेवणेबाबत', कारणं सात, अक्षर सुरेख. महिनाभर सह्या गोळा केल्या. एक मिळाली, तीही तात्याबा तेल्यांचा अंगठा, आणि तो त्यांनी कंट्रोल उठावं म्हणून दिला होता.

डिसेंबरच्या सुरुवातीला बातमी आली. साखर सुटली, धान्यही सुटणार. गोपाळकृष्णशेठनं फळीवर खडूनं लिहिलं की नाताळच्या आठवड्यातला मंगळवार शेवटचा, त्या दिवशी सर्वांनी कार्डं जमा करावीत. तानुबाईनं सगळ्यांना एकेक मुळा वाटला. अनंतानं घेतला आणि दुःखानं खाल्ला.

तीन मंगळवार राहिले होते. पहिला मुद्दे मांडण्यात गेला. दुसऱ्या मंगळवारी सकाळी तो आला, तर त्याच्या दगडाचा देव झाला होता.

दगड तसा देखणाच होता. काळा, गुळगुळीत, अंड्याच्या आकाराचा. आता त्याला हळदीकुंकू लागलं होतं, डोक्यावर झेंडूचं फूल होतं आणि पुढ्यात नारळाची अर्धी वाटी. शेजारी मोळी उतरवून राहीबाई बसली होती. ती कोरेगावच्या बाजूहून सरपण विकायला यायची.

"म्हस आटली हुती," ती जमलेल्यांना सांगत होती. "मागल्या मंगळवारी हितनं चालले हुते. बघते तर सकाळच्या पारी तीस-चाळीस माणसं देवाम्होरं हात जोडून हुबी. म्हनलं, जागृत आसल्याबिगर येवढी माणसं थंडीत कशाला हुबी ऱ्हात्याल? नवस बोलून गेले. बुधवारी म्हशीनं दोन शेर दूध दिलं."

हात थंडीमुळे जोडलेले होते, हे तिला सांगायला कुणी धजलं नाही. म्हशीचं दूध ही वस्तुस्थिती होती.

आठला दुकान उघडलं. पहिले सहा जण धान्य घेऊन गेले. लालासाहेब पिशवी घेऊन बाजूला उभे राहिले, कारण पुढचं बघण्यासारखं होतं. सातवा नंबर देवाचा आला.

"कार्ड?" आतून तोलणारा जोतीराम ओरडला.

"देव हाय," बाहेरून कुणीतरी सांगितलं.

गोपाळकृष्णशेठ बाहेर आले. ते आयुष्यात दोघांनाच भीत आले होते, देव आणि पुरवठा खात्याचा इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टरचा नियम, नंबर सोडून माप टाकायचं नाही. देवाचा नियम, त्याला ओलांडून जायचं नाही. "देवाचं कार्ड नाही आणि देवाला मागं सारून मी पुढच्याचं माप टाकणार नाही," ते म्हणाले, आणि गादीवर जाऊन बसले.

रांगेत लगेच दोन पक्ष पडले. धान्य घेतलेले सहा जण म्हणाले, धर्माला धक्का लागता कामा नये. आठव्यापासून मागचे सगळे सुधारक झाले. तिसऱ्या नंबरचा सोनार म्हणाला, इथं देऊळ बांधावं. चौतिसावा म्हणाला, बांधा, पण आधी ज्वारी द्या.

अनंता बाजूला उभा होता. दगड माझा आहे म्हणावं तर राहीबाईच्या डोळ्यांदेखत देवाला काखेत मारून न्यावं लागणार. न म्हणावं तर नंबर गेला.

"भाऊसाब," लालासाहेब हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या दगडाची पलटन बदलली."

शेवटी शेठनीच तोडगा काढला. देवानं जागेवरच राहावं, रांग त्याला वळसा घालून पुढं यावी, आणि ज्याच्यापाशी आज दगड नसेल त्यानं शेवटी जावं. हे सगळ्यांना पटलं, कारण ते सगळे म्हणजे अनंता सोडून बाकीचे होते. त्यानं गटाराकडेची एक वीट उचलली आणि शेवटाकडे चालू लागला. मधे अठ्ठावीस माणसं येणार होती. एवढ्या अंतरावरून अर्थव्यवस्थेवर बोलायचं तर ओरडावं लागलं असतं.

"थांबा," विनोदिनीबाई म्हणाल्या.

वर्गात म्हणतात त्या आवाजात म्हणाल्या, त्यामुळे अनंता थांबला आणि रांगेतली कुजबुजही थांबली.

"हा देव कुठून आला?" त्यांनी राहीबाईला विचारलं.

"आपसूक आला, बाई. देव कुठनं येतोय?"

"आपसूक नाही. संगम माहुलीच्या नदीपात्रातून आला, यांच्या सायकलवरून. वाटेत दोनदा पडला, हे हवालदारांना सांगताना ऐकलंय मी. डाव्या अंगाला एक पांढरी रेघ आहे बघा, खालून वर गेलेली."

राहीबाईनं पदराच्या टोकानं हळद पुसली. पांढरी रेघ होती.

"गेल्या वर्षीच्या कार्तिकात आणला," विनोदिनीबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, तेवढ्याच स्पष्ट आवाजात पण थोड्या सावकाश, "मी पहिल्यांदा रांगेत आले तेव्हा यांची वीट होती. पुढच्या मंगळवारी हा दगड आला."

तानुबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि अनंताकडे पाहिलं, मग विनोदिनीबाईंकडे, मग मुळ्याच्या जुडीकडे. अनंताला हातातली वीट कुठं ठेवावी ते सुचेना.

"ज्यानं देव आणला तो त्याचा पुजारी," विनोदिनीबाईंनी निकाल दिला. "पुजारी देवाशेजारी उभा राहतो. रांगेच्या शेवटी नाही."

यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं, आणि मागच्या अठ्ठावीस जणांना घाई होती. अनंता पुन्हा सातवा झाला. राहीबाई त्याच्या पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, म्हशीला आनी काय करू?"

"सरकी घाला थोडी," अनंता म्हणाला.

त्या दिवशी तो पुढं एक शब्द बोलला नाही. व्यापाऱ्यांवरही नाही. धान्य घेतलं आणि नेहमीप्रमाणे मागं न बघता निघून गेला. बाईमाणूस दुकानात माप घेत असताना आपण तिथं घुटमळू नये, ही त्याची रीत होती.

पण सगळा आठवडा त्याच्या डोळ्यांपुढं ती रेघ होती. दगड तेरा महिने त्याचा होता आणि रेघ डावीकडे आहे की उजवीकडे, हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं. हेडकारकुनांनी त्याला एकच नक्कल तीनदा लिहायला लावली. गोदावरीमावशीनं आमटीत मीठ टाकायचं विसरून पाहिलं. त्यानं दोन वाट्या खाल्ल्या. तेव्हा तिनं ताट बाजूला सारून विचारलं, "मुलगी कुणाची आहे?"

"कुठली मुलगी?"

"बरं," मावशी म्हणाली, आणि मीठ आणायला उठली.

शेवटचा मंगळवार. राहीबाईनं देवाला आपल्या गावी नेलं होतं, वाजतगाजत, म्हणजे एक ताशा होता. अनंता विटेशेजारी उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं कोर्टाच्या मसुद्यासारखं पाठ केलं होतं: आपली हरकत नसल्यास आपल्या वडीलधाऱ्यांना भेटावयास येण्याचा मानस आहे. पण मागं तानुबाई, पुढं लालासाहेब, आणि सबंध रांग इतकी गप्प की जणू तीही त्या वाक्याची वाट बघत होती.

"आज कुणी मत देत न्हाई व्हय?" लालासाहेब शेवटी म्हणाले.

"ज्वारी सुटल्यावर," अनंतानं घसा साफ केला, "भाव वर जातील."

"जाऊ देत," खांद्यामागून आवाज आला. पण आज त्यात नेहमीचा जोर नव्हता. दमल्यासारखा वाटला. अनंताच्या खांद्याला ते कळलं आणि काय करावं ते कळेना.

त्याचा नंबर आला. कार्ड दिलं, ज्वारी घेतली, शेवटचं माप म्हणून शेठनी वर एक नमस्कार केला. मग आयुष्यात पहिल्यांदा अनंता दुकानातून लगेच बाहेर पडला नाही. पिशवी घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

विनोदिनीबाई पुढं आल्या. जोतीरामनं मान वर केली आणि तागडी उगाच दोनदा पुसली. "बाई, आज समद्यांची कार्डं जमा करायची हाईत. तुमचं...?"

"माझं कार्ड नाही," त्या म्हणाल्या.

"न्हाई कसं?"

"गेल्या वर्षीच रद्द झालं. भावाच्या शेतातली ज्वारी घरी येते, मग कार्ड कसं मिळेल?"

जोतीराम तागडीवरून उठून उभा राहिला. "म्हंजे तुमी इनिसपेक्टर न्हाई?"

"मी? मी शाळेत शिकवते."

"तेरा म्हैनं," जोतीराम शेठना म्हणाला. "तेरा म्हैनं ह्या दर मंगळवारी येत्यात, आज काय हाय म्हनून इचारत्यात, बरं म्हंत्यात आन जात्यात. पिशवी रिकामी. मी म्हनलं, खात्यानं साध्या कापडात मानूस लावलाय. तेरा म्हैनं मी मंगळवारचं माप चोख टाकतोय, शेठ. एक दाणा इकडंतिकडं न्हाई."

गोपाळकृष्णशेठनी डोळे मिटून घेतले. बाहेर तानुबाई मागच्याला सांगत होती, तरीच मंगळवारची ज्वारी शनिवारपर्यंत पुरायची.

विनोदिनीबाई रिकामी पिशवी घडी करून बाहेर आल्या. अनंता चौकटीपाशी होता. पहिल्यांदाच दोघं समोरासमोर होते आणि दोघांच्या मधे कुणाची मान नव्हती.

"कार्ड नव्हतं तर," तो म्हणाला, "रांगेत कशाला उभ्या राहायचात?"

"पहिल्या मंगळवारी कार्ड परत करायला आले होते, ते मग कचेरीतच दिलं. पुढचे गृहस्थ एका हवालदाराच्या पाठीला सांगत होते की साखरेचा प्रश्न पाच कारणांनी बिकट झालाय. तीन कारणं झाली तेवढ्यात त्यांचा नंबर आला. उरलेली दोन ऐकायला पुढच्या मंगळवारी आले."

"पटली?"

"एकही नाही. तुमचं एकही मत मला अजून पटलेलं नाही."

अनंतानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मग कंट्रोल उठावं म्हणून एवढं भांडायचात, ते? उठलं तर रांग जाणार, हे तुम्हाला..."

"रांग राहिली असती तर तुम्ही आणखी पाच वर्षं ज्वारीवरच बोलला असतात," विनोदिनीबाई म्हणाल्या. हे बोलताना त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, पिशवीची घडी आणखी लहान करत होत्या. "चार-पाच वर्षं, असं तुम्हीच म्हणायचात. मला तेवढा धीर नव्हता."

समोरून एक टांगा गेला. तो जाईपर्यंत दोघंही टांगा फार महत्त्वाचा असल्यासारखे बघत राहिले.

"आपली हरकत नसल्यास," अनंता म्हणाला, आणि पुढचा मसुदा त्याला आठवला नाही. "म्हणजे, मी घरी यावं म्हणतो. मावशीला घेऊन."

"मंगळ आहे मला. कडक."

"असू दे."

"दादा रविवारी रहिमतपूरहून येतो," त्या म्हणाल्या, आणि आता घडी करायला पिशवी उरली नव्हती. "सकाळी या. कंट्रोलवर मात्र त्याच्याशी बोलू नका. त्याच्या घरात ज्वारीची पोती आढ्यापर्यंत लागलीत. तो तुम्हाला हाकलून देईल."

"मग काय बोलू?"

"त्याला बैलांची आवड आहे."

"बैलांबद्दल मला काही मत नाही."

"तेच बरं," विनोदिनीबाई म्हणाल्या, आणि हसल्या.

रस्त्याला लागल्यावर अनंता सवयीनं त्यांच्या पुढं झाला आणि दहा-बारा पावलं तसाच चालला. मग काहीतरी चुकतंय हे त्याच्या ध्यानात आलं. तो थांबला, पिशवी खाली ठेवली, आणि त्या बरोबरीला येईपर्यंत तिथंच उभा राहिला.